सासूबाईंना ‘रिहॅब’ला पाठवताना झालेल्या चुका, आणि आता मी स्निफ कसं बघते

हॉस्पिटलात केस मॅनेजर येते, हातात दोन-तीन पानांची यादी देते आणि म्हणते यातली चार-पाच नावं निवडून दुपारपर्यंत सांगा, उद्या डिस्चार्ज आहे. आमच्याकडे असंच झालं. सासूबाई बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन नीट पार पडलं आणि चौथ्या दिवशी ‘आता रिहॅब’. आम्ही काय केलं, तर घरापासून किती मैल ते बघितलं, वेबसाइटवर लॉबी छान दिसत होती, पियानो वगैरे ठेवलेला, आणि हो म्हणून टाकलं. नवव्या दिवशी कळलं की त्यांच्या डाव्या टाचेला जखम झालीये. रोज जात होतो हो आम्ही! पण रोज ऑफिसनंतर सहाला, तेव्हा त्या पांघरूण घेऊन बसलेल्या असायच्या आणि विचारलं की म्हणायच्या, बरं आहे, तुम्ही जेवलात का.

त्यानंतर दुसऱ्या ठिकाणी हलवलं, मग एका मैत्रिणीच्या बाबांसाठी शोधलं, मग आणखी एकीसाठी, आता ओळखीतले लोक मलाच फोन करतात. म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. मी न्यू जर्सीत आहे त्यामुळे उदाहरणं इथली, पण केंद्राचे नियम सगळ्या अमेरिकेत सारखेच.

आधी शब्दांचा घोळ. आपण सरसकट रिहॅब म्हणतो, पण बहुतेक वेळा पाठवतात ती जागा असते स्किल्ड नर्सिंग फॅसिलिटी, एसएनएफ, हॉस्पिटलवाले बोलताना ‘स्निफ’ म्हणतात. त्याच बिल्डिंगमध्ये कायमचे राहणारे आजी-आजोबा पण असतात. असिस्टेड लिव्हिंग वेगळं, त्याला हे केंद्राचे नियम लागू नाहीत. आणि तिसरा प्रकार म्हणजे अ‍ॅक्यूट रिहॅब, तिथे साधारण दिवसाला तीन तास थेरपी असते आणि डॉक्टर खूप जास्त वेळा बघतात. पेशंटला तेवढं झेपत असेल तर केस मॅनेजरला आधी हेच विचारा की अ‍ॅक्यूट रिहॅब का नाही. आम्ही विचारलंच नाही, माहितीच नव्हतं.

पैशाचं थोडक्यात सांगते. साध्या मेडिकेअरमध्ये (म्हणजे मुख्यतः ६५ वर्षांवरच्यांचा सरकारी आरोग्य विमा) पार्ट ए मधून, म्हणजे त्यातल्या हॉस्पिटलच्या भागातून, पहिले २० दिवस पूर्ण मिळतात, २१ ते १०० दिवसाला तुमचा वाटा असतो, २०२५ मध्ये तो रोजचा २०९.५० डॉलर होता. १०० ही वरची मर्यादा आहे, हक्काचे १०० दिवस नाहीत. त्याआधी हॉस्पिटलात तीन दिवस ‘इनपेशंट’ म्हणून अ‍ॅडमिट असावं लागतं, आणि इथे लोक फसतात, कारण तीन रात्री बेडवर काढल्या तरी कागदावर ‘ऑब्झर्वेशन’ (नुसतं देखरेखीखाली ठेवलेलं) असेल तर ते दिवस धरत नाहीत. म्हणून पहिल्याच दिवशी विचारा, इनपेशंट की ऑब्झर्वेशन? मेडिकेअर अ‍ॅडव्हांटेज (खासगी कंपनीमार्फत चालणारं मेडिकेअर) असेल तर नियम प्लॅनचे आणि आधी मंजुरी लागते. ज्यांचे आईवडील ग्रीनकार्डवर आलेत आणि इथे काम केलेलं नाही त्यांना सलग पाच वर्षं राहिल्यावरच मेडिकेअर विकत घेता येतं, आणि व्हिजिटर व्हिसावर असतील तर ट्रॅव्हल इन्शुरन्सच्या पॉलिसीत नर्सिंग फॅसिलिटी हा शब्द आहे का ते तिकीट काढायच्या आधी बघा, नंतर नाही.

आता मुद्द्याचं. जागा चांगली की वाईट हे शेवटी एकाच गोष्टीवर ठरतं असं माझं मत झालंय, ते म्हणजे तुमच्या माणसाला उठवायला, फिरवायला, बाथरूमला न्यायला, घास भरवायला प्रत्यक्षात किती हात आहेत आणि ते हात रोज तेच आहेत का. हे काम नर्स करत नाही, डॉक्टर तर नाहीच, ते सीएनए करतात, म्हणजे सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंट. केंद्राच्या नियमाप्रमाणे त्यांचं ट्रेनिंग कमीत कमी ७५ तासांचं. आपल्याकडच्या मावशीच म्हणा ना. बाकी सगळं, म्हणजे पियानो, फिश टँक, ‘वेलकम होम’चा बोर्ड, हे अ‍ॅडमिशनवाल्यांचं खातं.

तर घरबसल्या सुरुवात मेडिकेअरच्या ‘केअर कम्पेअर’ साइटवर करा. तिथे प्रत्येक जागेला एक ते पाच स्टार असतात. ते बघायला हरकत नाही पण ते कसे येतात ते समजून घ्या नाहीतर गंडाल. तीन भाग आहेत, इन्स्पेक्शन, स्टाफिंग आणि क्वालिटी मेझर्स. क्वालिटी मेझर्सचा बराचसा भाग ती फॅसिलिटी स्वतःच भरून पाठवते, म्हणजे परीक्षा पण आपलीच आणि पेपर तपासणारे पण आपणच, त्यामुळे त्या पाच स्टारना मी फार किंमत देत नाही. इन्स्पेक्शनचे स्टार सरकारी माणसं न सांगता येऊन तपासतात त्यावर असतात, ते जास्त खरे, पण ते त्या त्या राज्यापुरते एकमेकांशी तुलना करून दिलेले असतात, राज्यातल्या वरच्या १० टक्क्यांना पाच, खालच्या २० टक्क्यांना एक. म्हणजे इथले चार आणि टेक्सासमधले चार सारखे नव्हेत. स्टाफिंगचे आकडे पगाराच्या रेकॉर्डवरून येतात, तिथे थापा मारणं अवघड, म्हणून मी थेट तिथेच जाते. त्यात चार गोष्टी बघायच्या: एका रहिवाशामागे दिवसाला नर्सिंग स्टाफचे एकूण किती तास, त्यातले आरएनचे (रजिस्टर्ड नर्सचे) किती, शनिवार-रविवारचा आकडा किती घसरतो, आणि वर्षभरात किती टक्के स्टाफ सोडून गेला. अंदाजासाठी सांगते, २०२४ मध्ये केंद्राने कमीत कमी ३.४८ तासांचा नियम केला होता, २०२५ मध्ये टेक्सासमधल्या फेडरल कोर्टाने तो रद्द केला, पण मोजपट्टी म्हणून तो आकडा डोक्यात ठेवायला चांगला आहे. तीनच्याही खाली आणि वीकेंडला आणखी खाली असेल तर मी पुढे बघत नाही.

नावापुढे लाल वर्तुळात हाताचा पंजा दिसला तर ती जागा अब्यूजच्या, म्हणजे रहिवाशांच्या छळाच्या, प्रकरणात सापडलेली आहे. पिवळा त्रिकोण म्हणजे सरकारने खास लक्ष ठेवलेल्या वाईट जागांपैकी. दोन्हींना सरळ काट मारा.

मग इन्स्पेक्शन रिपोर्ट उघडा, पूर्ण. तो फॉर्म असतो सीएमएस-२५६७, आणि तो प्रत्येक फॅसिलिटीला लोकांना बघता येईल असा ठेवावाच लागतो, साधारण लॉबीत कुठेतरी एका फायलीत असतो, मागायची पण गरज नाही. वाचायला कंटाळवाणा आहे पण एक युक्ती आहे. प्रत्येक दोषाला ए पासून एल पर्यंत एक अक्षर दिलेलं असतं. डी, ई असे बहुतेक सगळ्यांकडे निघतात, फ्रिजमध्ये तारीख न लिहिलेलं दूध वगैरे, त्याने घाबरू नका. जी, एच, आय म्हणजे कुणालातरी खरोखर इजा झाली. जे, के, एल म्हणजे जिवाशी खेळ. आणि टॅग नंबर बघा, एफ-६८६ म्हणजे बेडसोर (एकाच जागी दाब पडून होणारी जखम), एफ-६८९ म्हणजे पडणं आणि लक्ष न ठेवणं, एफ-७२५ म्हणजे पुरेसा स्टाफ नाही. यातला एखादा टॅग लागोपाठ दोन इन्स्पेक्शनमध्ये आला तर त्यांनी काही सुधारलेलं नाही. आमच्या पहिल्या जागेच्या रिपोर्टात एफ-६८६ होता, जी लेव्हलचा. कोण वाचतंय! नंतर वाचला.

कागद झाले, आता प्रत्यक्ष जायचं. मंगळवारी सकाळी अकराची टूर घेऊ नका, घेतली तरी तिच्यावर विसंबू नका. शनिवारी किंवा रविवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास जा, तेव्हा इथे जेवण असतं (हो, पाचला, आपल्या चहाच्या वेळेला) आणि स्टाफ सगळ्यात कमी असतो. आत सोडलं नाही तर निदान लॉबीत बसा आणि भेटून बाहेर पडणाऱ्या नातेवाइकांशी बोला, तिथे जेवढं खरं कळतं तेवढं कुठेच नाही. मी एकदा पार्किंगमध्ये एका पंजाबी काकूंना गाठलं, त्यांनी पाच मिनिटांत दोन फ्लोअरची कुंडली मांडली.

आत गेलात की पहिली गोष्ट भिंतीवर. त्या दिवशीच्या प्रत्येक शिफ्टला किती आरएन, किती एलपीएन (आरएनच्या खालच्या पातळीची नर्स), किती सीएनए आणि रहिवासी किती, हा कागद रोज लावणं बंधनकारक आहे. नसेल, किंवा तीन दिवसांपूर्वीचा असेल, तर तेच उत्तर. असेल तर भागाकार करा. न्यू जर्सीच्या कायद्यात दिवसा आठ रहिवाशांमागे निदान एक सीएनए, संध्याकाळी दहामागे एक माणूस आणि रात्री चौदामागे एक. मग कॉरिडॉरमध्ये जाऊन एखाद्या सीएनएला हसून विचारा, आज तुमच्याकडे किती जण आहेत? कागद सांगतो दहा आणि ती म्हणते सोळा, असं मी स्वतः ऐकलंय. पुढचा प्रश्न, इथे किती वर्षं आहात? ‘एजन्सीकडून आलेय, आज पहिलाच दिवस’ असं दोघीतिघींनी सांगितलं तर त्या मजल्यावर कुणीच कुणाला ओळखत नाही.

खोलीच्या दारावरचे कॉल लाइट बघा, पेशंटने बेल दाबली की पेटतात ते. एक पेटलेला धरा आणि घड्याळ लावा. दहा मिनिटांत कुणी आलं तर चांगलं, वीस मिनिटं गेली आणि लोक त्याच्यासमोरून चालत जातायत तर खुब्याचा पेशंट स्वतः उठून बाथरूमला जाणार आणि पुन्हा पडणार, यात त्याची चूक काही नाही. बेल आणि पाण्याचा ग्लास हाताला येतो का, आणि ज्या बाजूने हात चालतो त्याच बाजूला आहे का? आमच्या सासूबाईंची बेल नऊ दिवस ऑपरेशनच्या बाजूला खाली लोंबकळत होती.

वास. एखाद्या खोलीत वास येणं साहजिक आहे, माणसं आहेत. पण सगळ्या मजल्याला लघवीचा जुना वास, किंवा त्याहून वाईट म्हणजे तो झाकायला मारलेला गोड सेंट, हे नको. जेवणाचे ट्रे बघा, झाकण न उघडता परत जाणारे किती आहेत, भरवणारी बाई उभी राहून भरवतेय की बसून, एकाच वेळी किती जणांना. आणि नर्सिंग स्टेशनसमोर व्हीलचेअरवर मान टाकून झोपलेल्या लोकांची रांग दिसली तर दुपारभर त्यांना तिथेच ठेवलंय असं समजा.

अ‍ॅडमिशनवाली बाई गोड बोलणार, तिला विचारून फार हाती लागत नाही. डायरेक्टर ऑफ नर्सिंगला भेटायला मागा आणि हे विचारा: तीच सीएनए रोज देता का? वीकेंडला थेरपी असते का, आणि एकट्याची की ग्रुपमध्ये? ऑक्टोबर २०१९ पासून मेडिकेअर थेरपीच्या मिनिटांप्रमाणे पैसे देत नाही, त्यामुळे जास्त थेरपी दिली म्हणून त्यांना जास्त मिळत नाही, म्हणून आकडा मागायचा, आठवड्यात किती दिवस आणि रोज किती मिनिटं. डॉक्टर किती वेळा येतात? नियमात पहिल्या ९० दिवसांत ३० दिवसांतून एकदा एवढंच आहे, हे ऐकून आमच्या घरी सगळ्यांना धक्का बसला होता. मग नर्स प्रॅक्टिशनर (तपासून औषधं लिहून देऊ शकणारी नर्स) कधी असते, रात्री ताप आला तर कुणाला फोन जातो, हे पण विचारा. डायरेक्टर किती महिने झाले इथे, हे शेवटी सहज विचारल्यासारखं विचारा. वर्षात तिसरी असेल तर बाकीची उत्तरं सोडून द्या.

आता आपल्या लोकांचं. इथे न्यू जर्सीत एडिसन-आयसेलिनच्या बाजूला, जिथे आपली वस्ती खूप आहे, काही ठिकाणी इंडियन विंग असते, व्हेज जेवण, हिंदी-गुजराती चॅनेल, सणवार. मोह होतो. पण वरण-भात मिळतो म्हणून स्टाफिंग माफ करू नका, डबा आपण नेऊ शकतो, रात्री दोनला कूस बदलायला आपण नसतो. तसंही धर्म, संस्कृतीप्रमाणे जेवणाचा विचार करणं कुठल्याही फॅसिलिटीला नियमाने भागच आहे, फक्त ‘व्हेजिटेरियन’ एवढंच सांगू नका, अंडं नाही, चिकन ब्रॉथ नाही, जिलेटिन नाही असं डाएटिशियनला लिहून द्या नाहीतर रोज ग्रिल्ड चीज येतं. उपासाचं आवर्जून सांगा. एका ओळखीच्या काकूंनी एकादशीला न सांगता ट्रे परत केला आणि इन्सुलिन मात्र दिलं गेलं, शुगर ४८.

भाषेसाठी फोनवरचा दुभाषी फुकट देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, मराठीचा मागा, हिंदीवर भागवू नका, विशेषतः विसरायला लागलेल्या माणसांचं इंग्रजी आधी जातं, मग हिंदी. आणि दुखण्याचं. नर्स विचारते शून्य ते दहामध्ये किती, आपली पिढी म्हणते ‘ओके’. सासूबाईंच्या चार्टवर सलग पाच दिवस वेदना शून्य लिहिलं होतं, मोडलेला खुबा आणि शून्य! नर्सला सांगून ठेवा की तोंडाकडे बघ, आकडा विचारू नको. आम्ही नंतर भिंतीला एक मोठा कागद लावला, पाणी, दुखतंय, बाथरूम, थंडी वाजते, हे मराठी शब्द स्टाफला वाचता येतील असे इंग्रजी लिपीत, उच्चारासकट. आणि बाथरूममध्ये एक मग. कुणी विचारलं तर सांगायचं, लाजायचं काय त्यात.

अ‍ॅडमिट करताना सह्यांचा गठ्ठा येतो. आर्बिट्रेशनचा कागद (वाद झाला तर कोर्टात न जाता लवादाकडे जायचं कबूल करणारा) सही न करता परत द्या, त्यावर अ‍ॅडमिशन अडवता येत नाही, चुकून केलीत तर ३० दिवसांत मागे घेता येते. आणि मुलगा किंवा सून म्हणून सही करताना ‘रिस्पॉन्सिबल पार्टी’ या ओळीत तुम्ही स्वतःच्या खिशातून पैसे भरायची हमी तर देत नाही ना ते बघा, अशी हमी मागणं नियमात बसतच नाही.

पहिल्या ४८ तासांत त्यांनी प्राथमिक केअर प्लॅन करायचा असतो, कॉपी मागा. नंतर केअर प्लॅनची मीटिंग असते तिला फोनवर तरी हजर राहा. वजन दर आठवड्याला विचारा, महिन्यात पाच टक्के उतरणं म्हणजे गंभीर, ६० किलोच्या बाईचे ३ किलो, साडीच्या निऱ्यांवरूनही कळतं. औषधांची यादी मागा आणि हॉस्पिटलच्या यादीशी ताडून बघा, झोपेचं किंवा अँटिसायकॉटिक (गंभीर मानसिक आजाराचं, माणसाला गुंगवणारं औषध) नवीन दिसलं तर कुणी, का, आणि कुणाला विचारून सुरू केलं ते लगेच. रात्री बडबडतात म्हणून गोळी देणं सोपं असतं, लघवीचं इन्फेक्शन आहे का ते तपासणं जास्त कामाचं.

आणि पांघरूण उचला. टाचा, माकडहाड, खुब्याच्या बाजू. आपल्या सावळ्या कातडीवर बेडसोरची सुरुवात लाल दिसत नाही, जांभळट किंवा आजूबाजूपेक्षा गडद दिसते, हात लावला तर गरम लागते किंवा टणक, किंवा उलट लिबलिबीत. आमच्या नर्सने ‘रेडनेस नाही’ असं लिहिलं होतं आणि ती खोटं बोलत नव्हती, तिला दिसलंच नाही. टाच गादीला टेकता कामा नये, पोटरीखाली उशी द्यायची, टाच हवेत.

भेटायची वेळ रोज बदला. पेशंटची परवानगी असेल तर जवळच्या नातेवाइकांना कधीही भेटता येतं. एकदा सकाळी सातला, शिफ्ट बदलताना, एकदा रात्री साडेनऊला, एकदा दुपारी.

काही चुकलं तर आधी चार्ज नर्स (त्या शिफ्टची प्रमुख), मग डायरेक्टर, तारीख-वेळ लिहून, ईमेलने. हललं नाही तर राज्याचा लाँग टर्म केअर ओम्बड्समन, म्हणजे रहिवाशांच्या तक्रारी बघणारा अधिकारी, फुकट असतो, फॅसिलिटीच्या पगारावर नसतो, नंबर भिंतीवर लावलेला असतो. आणि अचानक ‘परवापासून कव्हरेज बंद’ असं पत्र हातात दिलं तर हे पत्र निदान दोन दिवस आधी द्यावं लागतं, त्यावरच्या नंबरवर कव्हरेज संपायच्या आदल्या दिवशी दुपारी बाराच्या आत फोन करून अपील करता येतं. ‘सुधारणा थांबली’ हे कारण एकट्याने पुरत नाही, २०१३ च्या जिमो सेटलमेंटमध्ये (मेडिकेअरवरच्या एका खटल्यातली तडजोड) तेच ठरलं, आहे तेवढं टिकवायलाही स्किल्ड केअर लागत असेल तर मेडिकेअरने ती द्यायची.

जागा बदलायची असेल तर परत हॉस्पिटलला जावं लागत नाही. नव्या जागेच्या अ‍ॅडमिशनला फोन करा, त्या जुन्या जागेकडून रेकॉर्ड मागवून घेतात, बेड असेल आणि इन्शुरन्स चालत असेल तर दोन-तीन दिवसांत होतं, फक्त मेडिकेअरचे दिवस पुढे मोजत राहतात, नव्याने सुरू होत नाहीत. आमचं अकराव्या दिवशी झालं. नव्या जागी लॉबीत प्लास्टिकची फुलं आणि एक जुना सोफा, नवरा म्हणाला इथे? पण आधीच्या रविवारी मी साडेपाचला येऊन गेले होते, तेव्हा जी सीएनए सहा नंबरच्या आजोबांना बसून सूप भरवत होती, तीच बुधवारी आमच्या खोलीत आली, पहिल्यांदा पांघरूण उचलून टाच बघितली आणि उशी कुठाय म्हणाली.